वहिनीने पाठवलेल्या ‘त्या’ मेसेजबद्दल

रविवारी आमच्या वहिनीने घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. त्याआधी तो मला तीन ठिकाणांहून आलाच होता. ‘संकटात आधी पोट, मग शाळा. पूर, रोगराई आली की मुली घरातच सुरक्षित. वयात आलेलीचं लग्न उरकावं, जबाबदारी संपते. सुशिक्षित गोव्यात तर हा प्रश्नच नाही.’ खाली जोडलेले हात. वहिनीची थोरली दहावीला आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

पोट आधी, हे खरं. २०२१च्या जुलैत म्हादईचं पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा मीही आधी तांदळाचा डबा माळ्यावर चढवला, पुस्तकं नव्हेत. पूरग्रस्तांना शाळेतच आसरा मिळतो, आणि आपत्तीत शिक्षकांना मदतकार्याला लावायची मुभा शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्येच आहे. एवढं मान्य. पण ‘मग शाळा’मधला ‘मग’ किती महिन्यांचा?

पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओन या देशात तो जवळजवळ नऊ महिन्यांचा झाला. २०१४मध्ये इबोलाची साथ आली, शाळा बंद पडल्या. मेसेजवाल्याला हवं तेच घडलं, मुली घरी बसल्या. त्या काळात कोवळ्या वयाच्या इतक्या मुली गरोदर राहिल्या, की एप्रिल २०१५मध्ये वर्ग पुन्हा भरले तेव्हा सरकारने पोट दिसणाऱ्या मुलींना शाळेतच येऊ दिलं नाही. म्हणजे शिक्षाही त्यांनाच! डिसेंबर २०१९मध्ये पश्चिम आफ्रिकी देशांच्या सामाईक न्यायालयाने ही बंदी बेकायदा ठरवली, तेव्हा कुठे मार्च २०२०मध्ये ती उठली. घराच्या चार भिंतींवर एवढा भरवसा ठेवणाऱ्यांनी हे सावकाश वाचावं. शाळेत निदान हजेरी घेतात. दोन दिवस मुलगी दिसली नाही, तर का म्हणून विचारणारं कोणी असतं.

आपल्याकडे कोविडमध्ये काय झालं? आमच्या वाड्यावर एका घरात एकच मोबाईल. भावाचा तास संपेतो चार्ज संपायचा. बहीण तो चार्जिंगला लावून भांडी घासायला बसायची, हात पुसून येईपर्यंत तिचा तास आटोपलेला. मुलगी घरातच होती, अगदी सुरक्षित.

लग्नाचं म्हणाल, तर अठराच्या आतल्या मुलीचं लग्न लावणाऱ्याला २००६च्या कायद्याने दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. संपते म्हणे जबाबदारी!

आणि सुशिक्षित गोवा. २०११च्या जनगणनेत पुरुषांची साक्षरता ९२.६५ टक्के, बायकांची ८४.६६. हा फरक आमच्या आजीकाकूंच्या पिढीचा, असं कोणी म्हणेल. असेलही. त्यांनाही कोणीतरी ‘मग शाळा’ असंच सांगितलं होतं. शिवाय प्रश्नच नव्हता, तर २००३मध्ये गोव्याने मुलांसाठी वेगळा बाल कायदा केला तो कशाला?

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. अर्ध्या तासाने वहिनीचं उत्तर आलं: ‘वन्सं, मी सगळं वाचलंच नव्हतं. आलं तसं पुढे पाठवलं.’