‘मध म्हणजे चोरीच’ या कमेंटला माझं उत्तर

नमस्कार. तुमची कमेंट काल रात्री वाचली आणि लगेच उत्तर द्यायला बसले होते, पण रागात लिहिलं असतं म्हणून थांबले, आज सकाळी परत वाचली तेव्हा लक्षात आलं की अर्ध्याहून जास्त तुमचं बरोबर आहे. म्हणून खाली दोन ओळीत न उरकता वेगळं लिहितेय.

ज्यांनी मागची पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी गुहाचित्रांपासून आजच्या मधपेटीपर्यंतचा प्रवास लिहिला होता आणि माणूस-मधमाशी यांच्या नात्याला ‘हजारो वर्षांची मैत्री’ म्हटलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की मैत्री वगैरे काही नाही, मध घेणं ही चोरी आहे, धूर देऊन माशांना गुंगी आणायची, राणीचे पंख कापायचे आणि वर सुंदर चित्रांचं मधाचं बोट लावून वाचकाला गप्प करायचं. शिवाय आइन्स्टाईनचं वाक्य खोटं आहे, आणि ‘पेट्या ठेवा, मधमाश्या वाचवा’ हा सल्ला तर उलट नुकसान करणारा आहे. शेवटी विचारलंय की तुम्ही स्वतः मध खाता का.

आधी आइन्स्टाईन. चूक माझी, सरळ कबूल करते. ‘मधमाश्या संपल्या तर माणूस चार वर्षांत संपेल’ असं तो कुठे बोलल्याचा किंवा लिहिल्याचा काहीही पुरावा नाही, तो 1955 ला गेला आणि हे वाक्य त्याच्या नावावर छापलेलं दिसतं ते त्याच्या नंतरच. आणि वाक्य म्हणूनही ते चुकीचंच आहे कारण गहू, तांदूळ, मका यांना माशी लागतच नाही, वाऱ्यावर किंवा आपलं आपणच त्यांचं भागतं. जगातल्या मुख्य अन्नपिकांपैकी साधारण 75 टक्के पिकांना प्राण्यांकडून होणाऱ्या परागीभवनाचा कमीजास्त फायदा होतो, पण एकूण उत्पादनाच्या वजनात बघितलं तर त्या पिकांचा वाटा 35 टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणजे माश्या गेल्या तर पोट कसंबसं भरेल पण फळं, भाज्या, तेलबिया, सुकामेवा यांची वाट लागेल. हे एवढं पुरेसं गंभीर आहे, त्याला आइन्स्टाईनची गरज नव्हती. पोस्टमधून ते वाक्य काढलंय.

आता चोरी. इथे मला तुमच्याशी भांडायचंय, पण तुम्हाला वाटतंय त्या बाजूने नाही. तुम्ही म्हणता चित्रं ही चोरी झाकतात. मला उलट वाटतं, या विषयावरची जी चांगली चित्रं आहेत ती चोरी अजिबात झाकत नाहीत, ती चोरीचीच चित्रं आहेत. स्पेनमध्ये बिकोर्पजवळच्या आरान्या गुहेतलं चित्र घ्या, सहा ते आठ हजार वर्षांपूर्वीचं मानतात. एक माणूस दोरांना किंवा वेलींना लटकलाय, हातात भांडं, भोवती माश्या. त्यात मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे पोळ्याची जागा रंगवलेलीच नाहीये, खडकात मुळातच एक भोक होतं आणि चित्रकाराने माणूस असा काढला की त्याचा हात बरोब्बर त्या भोकाशी पोचतो. आणि माश्या माणसाच्या मानाने भल्यामोठ्या काढल्यात, म्हणजे ज्याने काढलं त्याला आपण कोणाच्या घरात हात घालतोय ते पक्कं माहीत होतं.

किंवा ब्रूगेल या फ्लेमिश चित्रकाराचं 1568 च्या सुमाराचं रेखाचित्र बघा, बर्लिनला आहे. तीन मधपाळ, अंगभर जाड झगे आणि तोंडावर वेताचे विणलेले गोल मुखवटे, डोळे नाहीत, नाक नाही, नुसती एक चकती. एकजण पेंढ्याची मोहोळटोपली हातात घेऊन चाललाय. आणि मागे झाडावर एक पोरगा चढलाय, पक्ष्याचं घरटं लुटायला. कोपऱ्यात जुन्या डच भाषेत म्हण लिहिलीये, तिचा अर्थ साधारण असा की घरटं कुठे आहे हे ज्याला ठाऊक त्याच्याकडे माहिती, जो लुटतो त्याच्याकडे घरटं. मी त्या मुखवट्यांकडे पहिल्यांदा बघितलं तेव्हा खरंच दचकले होते, चेहरा नसलेली माणसं इतक्या निवांतपणे चालतायत. क्रानाख या जर्मन चित्रकाराच्या चित्रात तर प्रेमाचा छोटा देव क्यूपिड हातात पोळ्याचा तुकडा घेऊन उभा आहे, माश्या त्याला डसतायत आणि तो आईकडे, म्हणजे व्हीनसकडे, तक्रार करतोय. ही गोष्ट ग्रीक कवितेतून आली आणि त्या कवितेचं नावच ‘मधचोर’ या अर्थाचं आहे. सांगायचा मुद्दा हा की चोरी हा शब्द तुम्ही नव्याने आणलेला नाही, कलेला तो केव्हापासून माहीत आहे, माझ्या पोस्टमध्ये तो गाळला गेला ही माझी कमी. ‘मैत्री’ हा शब्द मागे घेते.

पण मग पुढचा प्रश्न येतो तो म्हणजे घेताना काय करत होतो आणि आता काय करतो, आणि तिथे इतिहास खूप काही सांगतो. युरोपात शेकडो वर्षं पेंढ्याच्या टोपल्यांत माश्या पाळायचे. मोसम संपला की टोपल्या हाताने उचलून वजनाचा अंदाज घ्यायचे, सगळ्यात जड टोपलीत मध जास्त म्हणून ती घ्यायची आणि सगळ्यात हलकी थंडीत तशीही जगणार नाही म्हणून तीही, मधल्या तेवढ्या ठेवायच्या. घ्यायची म्हणजे कशी, तर जमिनीत खड्डा करून त्यात गंधकात बुडवलेल्या चिंध्या पेटवायच्या आणि वर टोपली ठेवायची. आतली सगळी वसाहत मरायची, मग मध कापून घ्यायचा. ज्या माश्यांनी सगळ्यात जास्त काम केलं त्याच मारायच्या. तुमचा ‘शोषण’ हा शब्द याला शंभर टक्के लागू आहे.

हे कसं थांबलं तर कोणाला अचानक दया आली म्हणून नाही, पोळं न मोडता आत बघता येईल अशी पेटी बनली म्हणून. आणि त्याच्यामागे बघण्याचा नाद असलेली माणसं होती. जिनिव्हाचा फ्रान्स्वा ह्यूबर आंधळा होता, त्याने पुस्तकाच्या पानांसारखी उघडणारी पेटी बनवली आणि त्याचा मदतनीस फ्रान्स्वा ब्युर्नां पानं उलटून काय दिसतंय ते सांगायचा, ह्यूबर प्रश्न विचारायचा, असं करत त्यांनी राणीचं मीलन पेटीबाहेर हवेत होतं यासारख्या गोष्टी शोधल्या, 1792 ला ते छापून आलं. मग 1851 मध्ये अमेरिकेत लँगस्ट्रॉथ नावाच्या धर्मोपदेशकाच्या लक्षात आलं की माश्या सहा ते नऊ मिलिमीटरची फट मोकळी सोडतात. त्याहून कमी असली की डिंकासारख्या राळेने बुजवतात, जास्त असली की तिथे पोळं बांधतात. चौकटीभोवती नेमकी एवढीच फट ठेवली की चौकट चिकटत नाही, वर उचलता येते, बघता येते, परत ठेवता येते. बोटाच्या रुंदीपेक्षाही कमी फट आहे ती, पण खड्ड्यातली गंधकाची धुरी त्यामुळे बंद पडत गेली. 1865 ला मध गरागरा फिरवून काढायचं यंत्र आलं, त्यामुळे पोळंही वाचलं, माश्यांना मेण नव्याने गाळत बसावं लागत नाही.

धुराबद्दल मात्र तुमचं चुकतंय. धुराने माश्यांना गुंगी येत नाही. दोन गोष्टी होतात. एक तर धूर आला की त्या पोटभर मध पिऊन घेतात, जणू घर सोडायची वेळ आली तर शिदोरी बरोबर असावी. दुसरं म्हणजे एक माशी डसली की ती एक वास सोडते, बाकीच्यांना ‘इथे डसा’ म्हणून सांगणारा, तो वास धुरात दबून जातो. हा वास मी स्वतः घेतलाय, मधपाळाच्या बाजूला जाळी घालून उभी होते, मनगटावर ग्लोव्हची कड सरकली होती तिथे एक डसली आणि दुसऱ्या क्षणाला चक्क पिकलेल्या केळ्याचा वास आला, आणि त्याच्या पाठोपाठ त्याच जागी आणखी तीन. मधपाळाने शांतपणे मनगटावर धूर मारला, नखाने काटा खरवडला, म्हणाला हात झटकू नका. इजिप्तमध्ये रेखमिरे नावाच्या वजिराच्या थडग्यात साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं चित्र आहे, त्यात एकजण आडव्या नळकांड्यांसारख्या पेट्यांसमोर धुराचं भांडं धरून आहे आणि दुसरा गोल पोळी काढतोय. त्या भांड्याचं काम आता मला मनगटावरून कळतं.

राणीचे पंख कापण्याबद्दल, हो, काही मधपाळ कापतात, वसाहत उडून जाऊ नये म्हणून, मला ते पटत नाही आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. आणि सगळा मध काढून घेऊन बदल्यात साखरेचा पाक ठेवणं, हेही. मध म्हणजे नुसती साखर नाही. फुलातल्या रसात बहुतेक पाणीच असतं, ते पोटातल्या पोटात पालटून, तोंडातून तोंडात देऊन, रात्रभर पंखांनी वारा घालून साधारण 18 टक्क्यांवर आणतात तेव्हा कुठे मेणाचं झाकण लागतं. फुलोऱ्याच्या दिवसांत संध्याकाळी पेटीला कान लावलात तर तो वारा घालण्याचा आवाज येतो, सतत, एका सुरात, आणि दारातून ओलसर गोड हवा बाहेर येते. त्या मधात परागातून आलेले असे घटक असतात की जे माशीच्या शरीरातली विष निकामी करणारी यंत्रणा जागी करतात, ते पाकात नसतात. म्हणजे पाकावर माशी जगते, पण फवारणी झालेल्या शेतात जायचं असेल तर तिची ढाल तुम्ही काढून घेतलेली असते.

आणि आता तुमचा शेवटचा मुद्दा, जो वाचून मला खरंच वाईट वाटलं कारण तो मला आधीच सुचायला हवा होता. जगात मधमाश्या आणि त्यांच्या भाऊबंद रानमाश्या मिळून 20 हजारांहून जास्त जाती आहेत. त्यात मध साठवणाऱ्या खऱ्या मधमाश्यांच्या जेमतेम दहाएक. बाकीच्या बहुतेक एकट्या राहतात, मातीत, वाळक्या काटकीत, भिंतीच्या भेगेत, त्यांना ना राणी ना पेटी. आपण पेटीतल्या माशीसाठी रडतो आणि संपत चालल्यात त्या या. अमेरिकेतली फ्रँकलिनची बंबलबी (बंबलबी म्हणजे जाडजूड केसाळ रानमाशी) 2006 नंतर कोणाला दिसलेली नाही. टोमॅटोचं फूल बघा, त्याचा पराग एका नळीत कोंडलेला असतो, मधमाशीला तो काढता येत नाही, बंबलबी किंवा भुंगा ते फूल मिठीत धरतो आणि पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतो, असा एक कर्कश आवाज होतो आणि पराग भसकन बाहेर पडतो. हे काम लाख पेट्या ठेवून होणार नाही.

उलट माश्या इकडून तिकडे नेण्याने काय झालंय ते बघा. तशी ही सवय जुनी आहे, इस्रायलमध्ये तेल रेहोवला तीन हजार वर्षांपूर्वीच्या तीसेक मातीच्या पेट्या सापडल्या, आत जळालेल्या माश्या होत्या आणि त्या तिथल्या माशीशी न जुळता आजच्या तुर्कस्तानातल्या माशीशी जुळल्या. पण विसाव्या शतकात हे फार वाढलं. व्हॅरोआ नावाचा कोळ्याच्या जातीचा बारीक तांबूस परजीवी, तो मुळात आशियातल्या सातेरी माशीवरचा. सातेरीला त्याच्याबरोबर जगता येतं, तो तिच्याकडे फक्त नरांच्या घरात वाढतो आणि त्या एकमेकींना साफही करतात. युरोपातली माशी आशियात नेली, परजीवीने उडी मारली, आणि नव्या माशीकडे त्याला कामकरी पिल्लांतही वाढता येऊ लागलं. आज तो जवळपास सगळ्या जगात आहे. चिलीत 1998 पासून टोमॅटोसाठी युरोपातली बंबलबी आणली, तेव्हापासून तिथली डालबोमी, जगातल्या सगळ्यात मोठ्या बंबलबींपैकी एक, भगवी केसाळ, ती मोठ्या भागातून दिसेनाशी झालीये. कॅलिफोर्नियात दर फेब्रुवारीला बदामाच्या फुलोऱ्यासाठी वीस लाखांच्या आसपास पेट्या ट्रकने येतात, सगळ्या रोगांची देवाणघेवाण करायला याहून चांगली जागा कुठली.

म्हणून ‘पेट्या ठेवा’ हा सल्लाही पोस्टमधून काढलाय. त्याऐवजी लिहिलंय की थोडी जमीन उघडी ठेवा, सगळीकडे फरशी-सिमेंट करू नका, वाळक्या काटक्या लगेच जाळू नका, फुलावर असताना फवारू नका.

एक गोष्ट मात्र सोडायला माझं मन होत नाही. मोझांबिकमध्ये निआसा भागात याओ लोक जंगलात मध शोधायला जाताना ‘ब्रर्र-हम्म’ असा आवाज काढतात आणि मधदर्शक नावाचा रानातला पक्षी येतो, कोणी पाळलेला नाही, शिकवलेला नाही, आणि फांदीवरून फांदीवर जात पोळ्यापर्यंत नेतो. माणूस मध घेतो, पक्षी मेण खातो. 2016 ला यावर अभ्यास छापून आला, तो विशिष्ट आवाज काढला की पक्ष्याने वाट दाखवण्याची शक्यता 33 टक्क्यांवरून 66 टक्क्यांवर गेली. पोर्तुगीज पाद्री जोआंव दुस सांतुश याने 1588 मध्ये मोझांबिकमधल्याच सोफाला इथे लिहून ठेवलंय की एक पक्षी चर्चमध्ये येऊन मेणबत्त्यांचं मेण खातो, तोच हा. माशीच्या बाजूने बघितलं तर ही दोघांनी मिळून केलेली लूट आहे हे मान्य. पण मला हे वाचताना अंगावर काटा येतो आणि तो येतो हे मी लपवणार नाही.

मी मध खाते का? खाते, पण एकाच माणसाकडचा, ज्याच्याबरोबर मी उभी राहून बघितलंय त्याच्याकडचा. दोन वर्षांपूर्वी फुलोऱ्यातच पाऊस पडला होता, आम्ही मध काढायला म्हणून गेलो, भांडी धुवून नेली होती. त्याने वरच्या कोठीतली एक चौकट उचलली, उजेडासमोर धरली, कडेला हाताएवढाच भाग झाकण लागलेला, मधली घरं ओली चमकत होती. दुसरी उचलली, तीही तशीच. त्याने दोन्ही परत जागेवर सरकवल्या, झाकण लावलं, वर दगड ठेवला, म्हणाला, ‘यांचंच यांना पुरणार नाही.’ भांडी तशीच घेऊन परत आलो.