घाट उतरण्याचा सराव कोण करतो?

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर आणि तिथून पाचगणीमार्गे पसरणी घाट उतरून वाई, असा सुमारे ७० किलोमीटरचा प्रवास मी आणि माझा एक मित्र यांनी सायकलवर एका दिवसात केला. परतल्यापासून जो भेटतो तो चढाबद्दलच विचारतो. किती वेळ लागला, कुठे पायउतार व्हावे लागले, शेवटी कोणता गिअर होता. उताराबद्दल अद्याप एकानेही विचारलेले नाही. सायकलस्वारांच्या गटांमध्ये चढाचे जेवढे कौतुक होते, त्याच्या पावपट लक्षही आपण उतरायला शिकण्याकडे देत नाही, अशी माझी तक्रार आहे आणि त्या दिवसानंतर ती मांडल्यावाचून मला राहवत नाही.

चढ अवघड होता, हे खरेच. पोलादपूरपासून महाबळेश्वरपर्यंत सुमारे ४० किलोमीटरांत १,३०० मीटरच्या आसपास उंची गाठावी लागते. २०२१ च्या जुलैमधील अतिवृष्टीत हा रस्ता जागोजागी खचला होता, त्यामुळे दरीच्या बाजूने जाताना आजही मन सावध राहते. सकाळी सावित्रीच्या खोऱ्यात इतका उकाडा होता की पहिल्या तासातच पाण्याची एक बाटली संपली. कुंभरोशीला पोहोचेपर्यंत प्रतापगड ढगात पूर्ण बुडाला होता आणि पिठलं-भाकरी वाढणाऱ्या मावशी आम्हाला म्हणाल्या, “दादा, वरून ढग उतरलाय, थोडं टेका, मग जा.” आम्ही अर्धा तास थांबलो. पुढे एका वळणावर ऊन, दुसऱ्यावर धुके, तिसऱ्यावर बारीक पाऊस, असे दोन तास चालले. पण चढावर हवा कशीही बदलली तरी शरीर आतून तापलेले असते, वेग ताशी सहा-सात किलोमीटर असतो, आणि काही चुकलेच तर पाय टेकून उभे राहता येते. चढ माणसाला दमवतो, पण चूक सुधारायला वेळ देतो.

उतार तो वेळ देत नाही.

महाबळेश्वर ओलांडले की पश्चिमेचा पाऊस मागे राहतो, हे आपल्या मनात पक्के बसलेले असते आणि पावसाळ्याच्या मुख्य महिन्यांत ते बहुतांशी खरेही असते. समुद्रावरून येणारे बाष्प सह्याद्रीच्या कड्याला धडकून वर चढते, थंड होते आणि माथ्यावरच रिते होते. त्यामुळेच अवघ्या १९-२० किलोमीटरवरच्या पाचगणीला महाबळेश्वरच्या मानाने पाऊस फार कमी आणि वाईला त्याहूनही कमी असतो. परतीच्या पावसाचे गणित मात्र निराळे आहे. दिवसभर तापलेल्या जमिनीवर दुपारनंतर ढग उभे राहतात, ते गडगडत देशावरून येतात, आणि ज्या बाजूला आपण कोरडी समजतो तिथेच कोसळतात. आम्ही पाचगणीत रेनकोट काढून कॅरिअरवरच्या बॅगेत तळाशी ठेवले. चूक तिथेच झाली.

पसरणी घाटात शिरलो तेव्हा खाली धोम धरणाच्या पाण्यावर ऊन होते. दहा मिनिटांत सरी आल्या. घामाने भिजलेला शर्ट, त्यावर पावसाचे पाणी आणि त्यावर वेगाचा वारा, अशा स्थितीत काही मिनिटांतच बोटे इतकी बधिर झाली की ब्रेकची मूठ किती दाबली आहे हेच कळेनासे झाले. पुढच्या तीव्र वळणाआधी मी दोन्ही ब्रेक दाबले आणि सायकल तशीच धावत राहिली. माझ्या सायकलला रिम ब्रेक आहेत, म्हणजे चाकाच्या धातूच्या कडेवर (रिमवर) रबरी पॅड दाबून थांबवणारे. ओल्या रिमवर पाण्याचा पातळ थर असतो, चाकाचे एक-दोन फेरे होऊन तो पुसला जाईपर्यंत पॅडला पकड मिळत नाही, आणि मग ती एकदम मिळते. समोरून भरलेला टेम्पो वर येत होता. मी दरीकडच्या बाजूला होतो. पकड मिळाली तेव्हा माझे पुढचे चाक साइडपट्टीच्या खडीत होते आणि कठडा हातभर अंतरावर.

आम्ही तिथेच थांबलो, आडोशाला उभे राहून रेनकोट चढवले, हात काखेत धरून गरम केले. मग मित्राने मला उतरायला शिकवले, आणि गेली सहा वर्षे सायकल चालवूनही मी ते नव्याने ऐकत होतो. पाऊस असेल तर वळणाच्या खूप आधी ब्रेक हलके टेकवून रिम पुसून घ्यायची. वेग वळणाआधी उतरवायचा, वळणात ब्रेक शक्यतो दाबायचा नाही. बाहेरच्या बाजूचे पेडल खाली ठेवून त्यावर भार द्यायचा, आणि नजर चाकापुढे नव्हे तर वळण जिथे संपते तिथे ठेवायची. रंगवलेले पांढरे पट्टे आणि वळणाच्या आतल्या अंगाचे शेवाळ टाळायचे. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर चौपट होते, हे शाळेत शिकलेले सूत्र तिथे अंगावर आले. पाचगणी ते वाई उंचीतला फरक साडेपाचशे मीटरहून अधिक आहे. सामानासह ९० किलो वजन तेवढे खाली आणताना जी ऊर्जा मुक्त होते, तिच्यात दीड लिटर पाणी उकळेल. सावकाश उतरणाऱ्याच्या बाबतीत त्यातला मोठा वाटा ब्रेकच सोसतात. म्हणूनच मध्ये थांबून रिमला हात लावून पाहणे हा भित्रेपणा नाही.

आमच्या गटात नव्या सदस्याला पहिल्याच महिन्यात घाट चढायला नेतात आणि माथ्यावर त्याचे छायाचित्र काढतात. परतताना तो कसा उतरला, हे कुणी पाहत नाही, कारण तोवर पुढचे सगळे चहाच्या टपरीवर पोहोचलेले असतात. हे मला आता अजिबात मान्य नाही. अनुभवी माणसाने उतारावर सर्वांत मागे राहिले पाहिजे, आणि नव्या माणसाला आधी छोट्या उतारावर, मग ओल्या रस्त्यावर मुद्दाम सराव दिला पाहिजे. मी हे गटाला लेखी कळवले आहे.

वाईला कृष्णेच्या घाटावर पोहोचलो तेव्हा पुन्हा स्वच्छ ऊन पडले होते. सकाळी ज्या सावित्रीकाठून निघालो ती अरबी समुद्राला मिळते आणि ही बंगालच्या उपसागराला. मी रिमवरून बोट फिरवले तर राखाडी चिखलासारखा थर हाताला लागला. तो पॅडचा झिजलेला रबर होता. महिन्यापूर्वीच बसवलेल्या पॅडवरच्या खाचा जवळजवळ दिसेनाशा झाल्या होत्या. ते पॅड मी टाकलेले नाहीत. पुढच्या रविवारी नव्या सदस्यांना दाखवायला घेऊन जाणार आहे.