‘ईईजी नॉर्मल, म्हणजे पोरगी नाटक करते’ : फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

बीड-परभणीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सारांश असा: पोरीला फिट येते पण ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख) नॉर्मल आहे, तर ते नाटक समजा. कांदा नाहीतर चप्पल हुंगवा, दुर्लक्ष करा, गोळ्या आजच बंद करा आणि लग्न लावून द्या. खाली ‘मोठ्या डॉक्टरांचा सल्ला’ असं लिहिलेलं, डॉक्टर कोण ते नाही.

आधी ईईजी. साधा ईईजी अर्ध्या तासाच्या आत उरकतो. तेवढ्यात झटका आला नाही तर आलेख नॉर्मल येऊ शकतो. खरोखर अपस्मार, म्हणजे फेफरं, असलेल्यांपैकीही जवळपास निम्म्यांचा पहिला ईईजी नॉर्मलच निघतो. म्हणजे त्या कागदावरून ना फेफरं नाही हे ठरतं, ना नाटक आहे हे. पक्कं निदान व्हिडिओ-ईईजीवर होतं: डोक्याला तारा, समोर कॅमेरा, आणि नेहमीसारखा झटका त्यात सापडायला हवा. बाई बेशुद्ध दिसतेय, हातपाय झाडतेय, पण आलेख जागेपणीचा आहे, तर झटके बहुधा मानसिक कारणांचे. बहुधा म्हणतो, कारण अपस्माराचेही काही झटके वरून लावलेल्या तारांना दिसत नाहीत. म्हणून मेंदूविकारतज्ज्ञ लागतो.

ही सोय तालुक्याला नसते. तोवर मोबाइल कामाला येतो. पण नातेवाईक आणतात त्या व्हिडिओत पेशंट कमी आणि गर्दी जास्त. एक जण तळवे चोळतोय, दुसरा दातखीळ काढायला चमचा घालतोय, चेहरा आजीच्या पदराआड. चमचा घालूच नका, दात तुटतात. कॅमेरा चेहऱ्यावर धरा. डोळे उघडे की घट्ट मिटलेले, झटका किती वेळ चालला, हे दिसू द्या. अपस्माराच्या मोठ्या झटक्यात डोळे बहुधा उघडे असतात आणि दोन-तीन मिनिटांत तो थांबतो. मानसिक कारणांच्या झटक्यात डोळे मिटलेले, मान डावी-उजवीकडे, झटका मधेच ओसरतो, पुन्हा चढतो, कधी शेवटी रडू फुटतं. एकट्या खुणेवर निकाल लावायचा नाही.

आता ‘नाटक’. हे झटके पेशंटच्या ताब्यात नसतात. पडून लागतं, कधी कपड्यात लघवी होते. आणि व्हिडिओ-ईईजी फक्त एवढंच सांगतो की ही अपस्माराची लाट नव्हे. मुद्दाम केलं का, हे सांगणारं मशीन अजून निघालेलं नाही. बऱ्याच जणांच्या मागे जुना आघात किंवा घरातला जाच असतो, सगळ्यांच्या नाही. ‘मला काही टेन्शन नाही’ असं म्हणणारी बाई खोटं बोलतेच असं नाही.

कांदा-चप्पल हा उपचार नव्हे, अपमान आहे. मिरचीच्या धुरीपर्यंत मजल गेली तर लक्षात ठेवा, भूत उतरवण्याच्या नावाखाली ती देणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे.

‘दुर्लक्ष करा’ यात चिमूटभर तथ्य आहे. गर्दी हटवा, आरडाओरडा थांबवा, पण एकानं जवळ बसावं. पहिलाच झटका असेल, लागलं असेल, बाई गरोदर असेल, तर दवाखाना गाठाच.

गोळ्यांचा सल्ला मात्र जिवावर बेतणारा. फिटच्या गोळ्या या झटक्यांवर चालत नाहीत, खरं आहे. पण यातल्या काहींना अपस्मारही असतो, आणि एकदम गोळी सोडली की झटक्यांवर झटके येऊ शकतात. कमी करायची ती डॉक्टरनं, हळूहळू.

खरा उपचार सुरू होतो तो निदान नीट समजावून सांगण्यापासून. काहींचे झटके तेवढ्यानंही कमी होतात. पुढे समुपदेशन, विचार-वर्तन उपचार. तोही जादू नाही: 2020 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या 368 रुग्णांच्या चाचणीत वर्षभरानं झटक्यांची संख्या त्यानं ठळक घटली नाही, पण रोजचं जगणं आणि मनाचा त्रास सुधारला. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

राहिलं लग्न. सासरी गेल्यावरच झटके सुरू झालेल्या सुनाही ओपीडीत येतात; त्यांना हा मेसेज काय सांगणार? लग्न ठरतच असेल तर आधी निदान पक्कं करून घ्या. फिटसाठी सर्रास दिली जाणारी व्हॅल्प्रोएट पोटातल्या बाळाला घातक ठरू शकते, आणि झटके अपस्माराचे नसतील तर ती गोळी तिच्या पोटात जायचं कारणच नाही.