काळं कुंकू आणि तुमची प्रतिक्रिया

साहेब, जुने फोटो आणि किड्यांचे जवळून काढलेले फोटो यांवरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. एकदा रागात, एकदा चहा पिऊन. राग काही उतरला नाही.

आधी चूक कबूल करतो. जुन्या काळचे नामवंत फोटोग्राफर राजा दीनदयाळ, त्यांना मी 'मूळ हैदराबादचे' म्हटलं. जन्म १८४४ चा, मेरठजवळच्या सरधन्याचा. निजामाच्या दरबारात ते नंतर गेले. दुरुस्त केलंय. पण तेवढ्यावरून 'आधी अभ्यास करा, मग लिहा'? चुकलं ते सांगा की, वर्गात उभं कशाला करता?

आता तुमचं मुख्य वाक्य: 'जुना फोटो जुना झाला म्हणून आवडतो, अन् किड्याचा मोठा केला म्हणून.' कुणाला सांगताय हे? माझ्या वडिलांचा जालन्यात स्टुडिओ होता. दहाव्या वर्षापासून लाल दिव्याखाली ट्रे हलवलेत मी. निगेटिव्हवर शिसपेन्सिल फिरवून गिऱ्हाइकाचे देवीचे व्रण बुजवत वडील तास तास बसायचे. आमच्या आजीच्या फोटोत कुंकू काळंकुट्ट आहे. मला वाटायचं, आजी बुक्का लावायची. वडील म्हणाले, 'त्या फिल्मला लाल दिसायचंच नाही रे, लाल तिथं काळं.' कागद जुना झाला की पिवळा पडतो, बस. आजीनं 'हलू नका' म्हटल्यावर धरलेला श्वास मात्र अजून त्या फोटोत आहे. तो जुनेपणानं आला का?

अन् माझ्या फोटोतला मृगाचा किडा, पहिल्या पावसात निघणारा तो लाल मखमली. मराठवाड्याचेच म्हणवता, मग काडेपेटीत तुम्हीही ठेवला असेल. पाय मोजले होते कधी? मी फोटोतच मोजले. आठ! म्हणजे तो किडा नव्हेच, कोळ्याच्या भावकीतला. एवढ्या जवळून फोकस केसाएवढा मिळतो. तोंड स्पष्ट आलं की पाठ धूसर. ओल्या काळ्या रानात पोटावर पडून दीडशे फोटो काढले तेव्हा एक धड आला. शर्टाचा चिखल अजून निघाला नाही. 'मोठा केला' म्हणे!

बाकी कॅमेऱ्याची किंमत, 'मोबाईलवरही येतो', 'दुष्काळावर लिहा', यावर बोलत नाही. दुष्काळावर लिहिलंय. तुम्ही वाचलं नाही, त्याला मी काय करू?

घरात आजीचा जुना फोटो असेल तर एकदा भिंतीवरून काढून बघा. कुंकू लाल दिसलं, तर ते माझ्या वडिलांसारख्या कुणीतरी बारीक ब्रशनं भरलेलं असणार.