‘कोकणात जेवण फुकट’ म्हणणाऱ्या भावोजींना

गणपती आटोपून मुंबईला परतलेल्या आमच्या धाकट्या भावोजींनी घरच्या ग्रुपवर एक मजकूर टाकला. दोन दिवसांत तोच मजकूर माहेरच्या ग्रुपवरून आला, मग बचत गटाच्या, मग वाडीच्या. त्यात म्हटलंय की कोकणात पाच माणसांचं कुटुंब महिन्याला दोन हजार रुपयांत पोटभर आणि पौष्टिक जेवतं, कारण मासे समुद्रात, नारळ परसात, तांदूळ शेतात आणि रेशनवर, भाजी रानात, सरपण वाडीत. डाळी आणि बाजारची भाजी ही मुंबईची सवय. आणि तरीही परवडत नाही म्हणणारा आळशी.

भावोजी, राग नाही. तुम्ही वर्षातून दोनदा येता. मे महिन्यात घरात आंबे, फणस, काजू, रातांबे असतात. गणपतीत काकडी, पडवळ, भोपळा वेलीवर लटकत असतात आणि अळू परसात पडवीला टेकलेलं असतं. नेमके हे दोन महिने बघून कुणीतरी बाकीच्या दहा महिन्यांचा हिशेब लिहिलाय.

आधी भागाकार करू. दोन हजार भागिले तीस, भागिले पाच. माणशी दिवसाला १३ रुपये, चहासकट. दापोली स्टँडवरचा वडापावसुद्धा त्यात बसत नाही. आणि तेल, साखर, चहापावडर, कांदा, लसूण यांतलं काय आमच्या लाल मातीत वर्षभर पुरेल एवढं पिकतं? हे सगळं घाट उतरून येतं. कुंभार्ली घाटात दरड आली की आमच्या बाजारातला टोमॅटो लगेच भाव खातो.

आता मासे. समुद्रात आहेत, खरं आहे. ते तिथून ताटात कसे येतात, एवढंच मजकुरात लिहायचं राहिलंय. दापोलीजवळच्या हर्णै बंदरात संध्याकाळी होड्या लागल्या की वाळूवर लिलाव होतो. सुरमई, पापलेट, मोठी कोळंबी बर्फात बसून गाडीने बाहेर जातात. आमच्या वाट्याला येतो तो खरोखरच वाटा. कोळीण बांगड्यांचे, मांदेलीचे, तारल्यांचे ढीग लावून बसते, त्यातला एक ढीग म्हणजे एक वाटा. तिथे वजनकाटा नसतो. उशिरा गेलं की वाट्यावर दोन बांगडे वरून पडतात, पण परतीची एस.टी. चुकते. म्हणजे स्वस्त मासळीतही गाडीभाडं धरायला हवं. आमच्या वाडीत दारावर टोपली घेऊन येणारी मावशी तिचे कष्ट भावात धरते, आणि तिने ते धरायलाच हवेत.

शिवाय १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. ६१ दिवस. पहिल्या पावसात वहाळाला चढणीचे मासे मिळतात, शेतात मुठे म्हणजे छोटे खेकडे मिळतात, ते पोरांच्या हौसेचे. त्यांच्यावर महिना निघत नाही. त्या दोन महिन्यांचं कालवण एप्रिल-मेमध्येच विकत घेऊन डब्यात भरलेलं असतं. सुकट, सुके बोंबील, थोडे सोडे. सोडे आता पाहुण्यांपुरतेच, इतके महाग.

याला आपल्याकडे आगोटीची खरेदी म्हणतात, आणि मजकूर लिहिणाऱ्याला नेमकं तेच ठाऊक नाही. सुकी मासळी, खडेमीठ, मिरची, मसाला, कुळीथ, वाल, कांदे, सगळं मेअखेरपर्यंत घरात यावं लागतं. त्या एका महिन्यात मी एरवीच्या तिप्पट पैसे मोडते, आणि म्हणूनच आषाढ-श्रावण निभतो. ‘महिन्याला इतके’ हा हिशेब पगारदाराचा झाला. इथला हिशेब वर्षाचा. ज्या घरात मे महिन्यात एकरकमी पैसे नसतात ते घर तीच सुकट जुलैत पावशेर-पावशेर चढ्या भावाने घेतं. सगळ्यात गरीब घराला सगळ्यात महाग पडतं ते असं.

सुकट मात्र खरंच पुरवठ्याला येते. दोन मुठी सुकट कोरडीच भाजायची, पाण्यातून काढायची, दोन कांदे, एक बटाटा, चार आमसुलं, की पाच जणांचं एक वेळचं कालवण झालं. फक्त डबा घट्ट हवा. एका वर्षी माझ्या डब्याचं झाकण सैल राहिलं आणि अख्खी सुकट आषाढात ओलावून गेली. कोंबड्यांची चैन झाली, आमचा महिना आमसुलाच्या सारावर गेला.

नारळाचं बोलू. परसात माड असला म्हणजे नारळ फुकट, हे वाक्य मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. आमचे सात माड होते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने त्यातले चार झोपवले. नवीन बाणावली रोप लावलं तर फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, आणि मधल्या काळात त्याला शेण, राख, पाणी घालावंच लागतं. उरले तीन. दिवसाला अर्धा नारळ वापरला तरी वर्षाला १८० च्या वर लागतात. तीन माड एवढे देतात, पण कोवळे वानर पाडतात, आणि पिकलेले उतरवायला चढणारा माणूस माडामागे पैसे घेतो. तोही आता बोलावल्यावर आठवड्याने येतो.

आणि खरी मेख पुढे आहे. नारळाला बाजारात चांगला भाव असताना घरात फोडलेला प्रत्येक नारळ हा न विकलेला नारळ असतो. सासूबाईंना हे पटत नाही. त्यांच्या मते वाटपाशिवाय, म्हणजे वाटलेल्या खोबऱ्याशिवाय, जेवण म्हणजे आजाऱ्याचं जेवण. मी आठवड्यातून तीन दिवस वाटप करते. बाकी दिवस बांगड्याचं किंवा तारल्याचं तिखलं: तिखट, आमसूल, तिरफळं, खोबरं नाही. सोलकढीसाठी रस काढल्यावर उरलेला चोथा लसूण-मिरचीवर परतून पेजेबरोबर वाढते. पुरुषमाणसं त्याला चटणी समजून खातात.

तांदूळ. रेशनचं धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत आहे, हे खरं, आणि त्याने आमच्यासारख्यांना मोठा आधार झाला. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो, म्हणजे आम्हाला २५ किलो. दोन्ही वेळ भात खाणारं आमचं घर महिन्याला ४५ किलोच्या आसपास तांदूळ संपवतं. वरचे वीस किलो शेतातून. आमचं दहा गुंठे, चांगल्या वर्षी तीन क्विंटल भात, भरडल्यावर दोन क्विंटल तांदूळ. म्हणजे दहा महिने. पण राब भाजण्यापासून मळणीपर्यंतचा खर्च लिहून काढला, पॉवर टिलरचं भाडं, खत, लावणीची मजुरी, तर हा तांदूळ दुकानातल्यापेक्षा फार स्वस्त पडत नाही. आम्ही शेत ओसाड टाकत नाही ते हिशेबामुळे नव्हे. दुकानातल्या तांदळाची पेज पेजेसारखी लागत नाही, आणि पेंढा गुरांना लागतो.

रानभाजी: टाकळा, फोडशी, कुर्डू, भारंगी. सगळ्या मला आवडतात. टाकळा जून-जुलैत कोवळा, नंतर राठ. शेवळं तर डोळ्यांदेखत येतात आणि जातात, शिवाय त्यांत घालायची काकडं, ही रानातली आंबट फळं, मिळाली नाहीत तर घसा खाजतो. फुकट आहेत, पण दीड-दोन महिन्यांच्या. फेब्रुवारीत रानात काय आहे ते भावोजींनी एकदा येऊन बघावं. सरपणही तसंच: मेमध्ये फोडून पडवीत रचलं तर आहे, नाहीतर पावसात ओली फाटी आणि डोळ्यांत धूर.

डाळीच्या मुद्द्यावर मजकूर निम्मा बरोबर आहे. तूरडाळीवाचून आमचं अडत नाही. कुळीथ, वाल, पावटा, काळे वाटाणे आहेत. भात कापल्यावर राहिलेल्या ओलीवर कुळीथ येतो, पाणी द्यावं लागत नाही. पण तेव्हाच गुरं मोकाट सुटतात, म्हणून सगळ्या वाडीने पेरलं तरच राखण होते. एकट्याने पेरलेला कुळीथ गुरांचा. आमच्या वाडीत आता चार घरं पेरतात, बाकीच्यांना विकतच घ्यावा लागतो.

आणि ‘पौष्टिक’ शब्दाबद्दल. पाच माणसांचं पिठलं कुळथाच्या साठेक ग्रॅम पिठात होतं, दहा मिनिटांत, म्हणून ते स्वस्त. कुळथात प्रथिनं शेकडा २२ च्या आसपास. म्हणजे माणशी तीन ग्रॅमसुद्धा येत नाहीत. पिठलं-भाताने पोट गच्च भरतं, पण रोज तेवढ्यावर वाढत्या पोरांचं कसं भागणार? म्हणून मी आठवड्यातून दोनदा पाव किलो कुळीथ भिजवून, मोड आणून उसळ करते. तिच्यात माणशी अकरा ग्रॅम येतात. कोंबड्यांची अंडी विकायच्या आधी पोरांची बाजूला काढते, एका अंड्यात सहा ग्रॅम. पावसात फणसाच्या आठळ्या उकडून देते, मे महिन्यात मातीत पुरून ठेवलेल्या. हे दोन हजारांत होत नाही. माझ्या वहीत, घरचा तांदूळ-नारळ शून्य धरूनसुद्धा, त्याच्या दुपटीच्या खाली महिना कधी उतरलेला नाही.

राहिला आळस. भावोजी, पुढच्या मेमध्ये याल तेव्हा आमच्यासोबत हर्णैला सुकट घ्यायला चला. पिशवी मी आणते, पैसे तुम्ही द्या. घरी आल्यावर ती उन्हात पसरायची आहे, संध्याकाळी गोळा करायची आहे, मधल्या वेळात कावळे हाकायचे आहेत. तुमच्या खुर्चीला पडवीत सावली आहे, तिथूनही हाकता येतील.