लेबल वाचावे, सायकल चालवण्याची घाई करू नये

पर्यावरणाची चिंता वाहणाऱ्या सायकलस्वाराने सर्वांत आधी घरातल्या जुन्या सायकलीची विल्हेवाट लावावी. जिन्याखाली वर्षानुवर्षे उभी असलेली ती काळी लोखंडी सायकल एकदा ओव्हरऑइलिंग केले आणि चाकांचा आऊट काढला तर आणखी तितकीच वर्षे चालेल, हे मान्य. परंतु तिच्या मडगार्डवर कोणत्याही संस्थेचे हिरवे पान छापलेले नाही, आणि ज्या वस्तूवर पान नाही ती पृथ्वीला मानवते की नाही हे आपल्याला सांगणार कोण? कपाटातला जुना टी-शर्ट आणि पँटच्या पायाला लावायची क्लिप यांचेही तेच. ही सगळी सामग्री पूर्वीच तयार होऊन बसलेली असल्यामुळे तिच्यासाठी नव्याने काहीही बनवावे लागत नाही, म्हणजे शाश्वततेच्या बाजारात तिला काडीची किंमत नाही. ती भंगारवाल्याला द्यावी आणि हलक्या मनाने खरेदीला लागावे.

प्रमाणपत्रे पाहून खरेदी करण्याचे मूळ तत्त्व फार सोपे आहे. प्रत्येक चिन्ह एका ठरावीक प्रश्नाचे उत्तर देत असते, आणि तो प्रश्न कोणता होता याची चौकशी आपण करायची नसते. उदाहरणार्थ ‘ओईको-टेक्स स्टँडर्ड १००’ हे लेबल घ्या. ऑस्ट्रियातील आणि जर्मनीतील वस्त्र-संशोधन संस्थांनी १९९२ मध्ये ते सुरू केले. तयार कापडात माणसाला अपायकारक असलेली रसायने मर्यादेपेक्षा जास्त आहेत का, हे त्यात तपासले जाते. कापड अंगाला जितके लागून राहणार तितके निकष कडक, आणि तान्ह्या बाळांच्या कपड्यांना सर्वांत कडक, अशी ती शहाणी व्यवस्था आहे. थोडक्यात, हे लेबल आपल्या कातडीची काळजी घेते. कापड रंगवताना गिरणीमागच्या नदीचे काय झाले किंवा जर्सी शिवणाऱ्या बाईच्या हातात महिन्याला किती पैसे पडले, हे सांगायचे काम त्याचे नाही. त्या बाजूचा विचार करणारे ‘मेड इन ग्रीन’ नावाचे वेगळे लेबल याच संस्थेकडे आहे. मात्र संस्था एकच, अक्षरे तीच, तेव्हा आपण दोन्हींत फरक करत बसू नये.

या लेबलावर एक क्रमांक छापलेला असतो. तो संस्थेच्या संकेतस्थळावर टाकला की लेबल खरे आहे का आणि त्याची मुदत शिल्लक आहे का, हे मिनिटभरात कळते. असे कदापि करू नये. लग्नाच्या बैठकीत मुलाच्या पगाराची स्लिप मागण्याइतके ते अप्रशस्त दिसते.

‘ब्लूसाइन’ हे २००० साली स्वित्झर्लंडमध्ये सुरू झालेले चिन्ह त्यातल्या त्यात त्रासदायक आहे, कारण ते थेट गिरणीत शिरते. कोणती रसायने आत येतात, पाणी आणि ऊर्जा किती खर्च होते, कामगार कोणत्या हवेत श्वास घेतात, असल्या चौकश्या ते करते. सुदैवाने हे चिन्ह असलेली जर्सी इतकी महाग असते की बहुतेकांना त्याच्याशी ओळख करून घ्यावी लागत नाही.

आता जर्सीच हातात घेऊ. तिच्या काखेपाशी प्लास्टिकच्या दोरीने लटकवलेला तपकिरी पुठ्ठ्याचा टॅग असतो. त्यावर बाटलीचे चित्र, बाटलीतून उगवलेला कोंब आणि ‘रीसायकल्ड’ हा शब्द असतो. आतल्या डाव्या शिवणीत मात्र एक पांढरी पट्टी शिवलेली असते, जिच्यावर मुंगीच्या आकाराच्या अक्षरांत पॉलिएस्टर किती टक्के, इलास्टेन (ताणला जाणारा धागा) किती टक्के आणि त्यांतले पुनर्वापराचे किती, हे लिहिलेले असते. सुज्ञ ग्राहकाने टॅग जपून ठेवावा आणि पट्टी टोचते म्हणून कात्रीने कापून टाकावी. कारण ही टक्केवारी माणसाला बिघडवते. ‘रीसायकल्ड क्लेम स्टँडर्ड’ या प्रमाणपत्रासाठी वस्तूत पाच टक्के पुनर्वापरित माल असला तरी पुरते. ‘ग्लोबल रीसायकल्ड स्टँडर्ड’ला किमान वीस टक्के लागतात, त्याचे चिन्ह ग्राहकाला दिसेल असे छापायचे तर पन्नास टक्के लागतात, आणि रसायनांच्या व कामगारांच्या अटीही पाळाव्या लागतात. म्हणजे दोन चुलत भावंडांसारख्या दिसणाऱ्या चिन्हांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. हे एकदा समजले की दुकानात उभे राहून माणूस पट्ट्या वाचू लागतो, आणि मागे रांग खोळंबते.

बाटलीबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. पुनर्वापरित पॉलिएस्टर जवळजवळ सगळे पाण्याच्या आणि शीतपेयांच्या बाटल्यांपासून बनते. जुन्या कपड्यांपासून बनणारे अगदी नगण्य. बाटलीची पुन्हा बाटली करता येते, आणि तिची पुन्हा बाटली. एकदा का तिची इलास्टेन मिसळलेली जर्सी झाली की ते दोन धागे एकमेकांपासून सोडवणे इतके अवघड होते की पुढचा मुक्काम सहसा कचरा डेपोच असतो. तोवर प्रत्येक धुण्यात ती आपले सूक्ष्म तंतू पाण्यात सोडत राहते, आणि हे तंतू आपण पुनर्वापरित आहोत म्हणून कमी सुटत नाहीत. तेव्हा अशी एकच जर्सी घेऊन ती कधीतरी वापरण्यापेक्षा पाच घ्याव्यात. जितक्या जर्सी, तितक्या बाटल्या समुद्रात जाण्यापासून वाचल्या, असा साधा हिशेब मांडावा आणि त्या बाटल्या समुद्राकडे निघाल्या होत्या की कारखान्याकडे, हे विचारू नये.

पॉलिएस्टरने मन खट्टू झाले असेल तर सेंद्रिय कापसाकडे वळावे. सायकलीवरच्या टोपीला आणि मोज्यांना तो चालतो, आणि त्यासाठी ‘गॉट्स’ (ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड) हे प्रतिष्ठित प्रमाणपत्र आहे. सत्तर टक्के सेंद्रिय तंतू असतील तर एक दर्जा, पंच्याण्णव टक्के असतील तर वरचा. इथे आपल्या देशाचे योगदान सांगताना ऊर भरून येतो. २०२० मध्ये गॉट्सनेच जाहीर केले की भारतात सुमारे २०,००० टन कापूस बनावट व्यवहार-प्रमाणपत्रांवर (खरेदी-विक्रीच्या प्रत्येक टप्प्यावर मालासोबत जाणाऱ्या कागदांवर) सेंद्रिय म्हणून पुढे सरकला होता, आणि त्यावरून ११ कंपन्यांवर बंदी घातली. त्या कागदांवरचे क्यूआर कोड सरकारी संकेतस्थळाच्या हुबेहूब नकलेकडे नेत असत. कोड तपासून पाहणाऱ्या चिकित्सक माणसाचाही इतका विचार करणारे आदरातिथ्य अन्यत्र कुठे मिळणार?

सरकारचे स्वतःचे चिन्हही आहे. ‘इकोमार्क’ ही योजना १९९१ मध्ये आली, कापडाचाही तिच्यात समावेश होता, आणि तिचे बोधचिन्ह म्हणून मातीचे मडके निवडले गेले. माती, पाणी, कुंभार, पुन्हा माती, असा अर्थ त्यात नेमका बसतो. उत्पादक मात्र तिच्याकडे फारसे फिरकले नाहीत. तीनशे युरोंच्या जर्सीवर मडके शोभणार नाही हे उघड आहे, म्हणून आपणही त्याचा आग्रह धरू नये.

पावसाळी जॅकेटाचा विषय लवकर आटपू. पाणी कापडावरून ओघळून जावे म्हणून त्यावर ‘पीएफएएस’ गटातली रसायने लावत असत. ती निसर्गात विघटित होत नाहीत. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून आणि फ्रान्सने १ जानेवारी २०२६ पासून, काही अपवाद वगळता, कपड्यांतील त्यांच्या वापरावर बंदी आणली. त्यांच्याविना बनवलेले जॅकेट वेळोवेळी धुऊन त्यावर पुन्हा लेप द्यावा लागतो. आपण तो देऊ नये, जॅकेट गळते अशी तक्रार करावी आणि पुढच्या जूनमध्ये दुसरे घ्यावे. जुलैत ताम्हिणी घाट चढताना आपण आतून घामाने तितकेच भिजतो, हा भाग वेगळा.

ज्यांना वस्तू तपासण्याचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी समाज आणि पर्यावरणाबाबतच्या वागणुकीवरून कंपनीलाच मिळणारे ‘बी कॉर्प’ प्रमाणपत्र उत्तम. अनेक वर्षे त्यासाठी २०० पैकी ८० गुण लागत, म्हणजे ४० टक्के. आपल्या दहावीच्या ३५पेक्षा पाच जास्त, हे लक्षात घ्यावे. २०२५ मध्ये नियम बदलून प्रत्येक विषयात किमान अटी घालण्यात आल्या, हे जुन्या विद्यार्थ्यांना अन्यायाचे वाटेल. खोक्यावर ‘एफएससी’चे झाड असले तर खोक्याचे लाकूड जबाबदार जंगलातले आहे असे समजावे आणि तो विश्वास खोक्यातल्या मालालाही उदारपणे लावावा. एकमेकांत गुंतलेले दोन बाण दाखवणारा जर्मन ‘ग्रीन डॉट’ दिसला तर विशेष आनंद मानावा. त्याचा अर्थ कंपनीने वेष्टनाच्या कचऱ्याच्या व्यवस्थेसाठी वर्गणी भरली एवढाच आहे. वेष्टन पुन्हा वापरता येईल असे तो कुठेही म्हणत नाही.

टायर-ट्यूबच्या बाबतीत दक्षता हवी, कारण इथे काही मंडळी खरोखरच काम करून बसली आहेत. ‘श्वाल्बे’ या जर्मन कंपनीने २०१५ पासून जुन्या ट्यूब गोळा करून त्यांचे रबर नव्या ट्यूबमध्ये घालायला सुरुवात केली. ‘कॉन्टिनेंटल’ने रशियन डँडेलियन या रानफुलाच्या मुळांतल्या चिकापासून सायकलीचा टायर बनवला. आपण पुण्यात राहून आपली फाटकी ट्यूब विमानाने जर्मनीला पाठवण्याची चौकशी जरूर करावी. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे मात्र जाऊ नये. तो ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात फिरवून बुडबुडा हेरतो, जागा पुसून कानशीने घासतो, सोल्युशन लावून फुंकर मारतो, दुसऱ्या मेलेल्या ट्यूबचा कापलेला चौकोन त्यावर दाबतो, आणि उरलेल्या पट्ट्या कुणाच्या तरी कॅरियरला सामान बांधायला देऊन टाकतो. हे सगळे कोणत्याही तृतीय पक्षाने प्रमाणित केलेले नाही. त्याच्याकडे साधी पावतीसुद्धा नसते.

शेवटी मुख्य खरेदी. ‘ट्रेक’ या अमेरिकी कंपनीने २०२१ च्या आपल्या अहवालात प्रांजळपणे लिहिले की तिची एक सायकल बनवताना सरासरी १७४ किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते, आणि ते भरून काढायला ती सुमारे ४३० मैल, म्हणजे ६९० किलोमीटर, चालवावी लागते. एका हंगामात संपेल असे हे कर्ज आहे. यात ‘मोटारीऐवजी’ असा एक किरकोळ शब्द आहे. त्याकडे दुर्लक्ष करावे. नवी सायकल रविवारी पहाटे गाडीच्या मागच्या रॅकवर बांधावी, सिंहगडाच्या पायथ्याच्या गोळेवाडीपर्यंत डिझेलवर न्यावी, तिथून गड चढावा, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातले दही घ्यावे, आणि चढाचे किलोमीटर त्या ६९० मध्ये मोजावेत. सोमवारी सायकलीने कचेरीत का येत नाही असे कोणी विचारले तर रस्त्यावरच्या धुराने प्रमाणित कापड खराब होते, हे कारण सांगावे.

एक सूचना घाईची आहे. आपल्याकडे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणविषयक फसव्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत, आणि पुराव्याशिवाय ‘हरित’, ‘इको-फ्रेंडली’ म्हणणे आता अडचणीचे होऊ लागले आहे. युरोपीय संघाने तर २७ सप्टेंबर २०२६ पासून लागू होणाऱ्या निर्देशात, झाडे लावून किंवा कार्बन क्रेडिट (दुसऱ्याने केलेल्या उत्सर्जन-कपातीचे श्रेय) विकत घेऊन वस्तूला ‘कार्बन न्यूट्रल’ म्हणवण्यास आणि कंपनीने घरच्या घरी बनवलेली चिन्हे छापण्यास मनाई केली आहे. तेव्हा असे काही छापलेला जुना साठा सवलतीत निघाला तर हातचा घालवू नये. माप जुळत नसले तरी हरकत नाही. जर्सी घालायचीच आहे असा काही नियम नाही.