पटसंख्या एक

आमच्या शाळेचा पट एक. मुख्याध्यापिका मी, शिपाई मीच आणि विद्यार्थी म्हणजे आमचे नऊ वर्षांचे चिरंजीव. मुलगा घरीच शिकतो म्हटलं की सोलापुरात पहिला प्रश्न येतो, "का, काय झालं?" आणि दुसरा, "मग दहावीला?" मुक्त शाळेपासून बाहेरून दहावीला बसायच्या 17 नंबरच्या फॉर्मपर्यंत सगळं सांगून होईतो समोरच्याचा चहा गार होतो, मत मात्र तसंच असतं. मे महिन्यात नणंदबाई येणार म्हटल्यावर मी ठरवलं, यंदा तोंडाची वाफ दवडायची नाही. वर्षभराचं सगळं एका चिकटवहीत लावायचं आणि शाळेचं वार्षिक म्हणून सरळ त्यांच्या हातात ठेवायचं.

पहिल्या पानावर वर्गाचा फोटो हवा. एकट्याचा काढला तर आधार कार्डासारखा दिसायला लागला, म्हणून मागे सासूबाईंना उभं केलं. नव्या पेठेत फोटो छापायला गेलो तेव्हा दुकानदाराने विचारलं, "खाली शाळेचं नाव काय टाकू?" मी घुटमळले. चिरंजीव म्हणाले, "वरचा मजला." तेच छापून आलं.

हजेरीच्या पानाने मला उघडं पाडलं. नळाला पाणी येतं त्या दिवशी आमची शाळा भरत नाही. चार-पाच दिवसांनी येणारं पाणी, कधी येईल त्याचा नेम नाही, आणि आलं की मुख्याध्यापिका पाइप धरून गच्चीवर. त्याने सुट्ट्यांच्या यादीत सुवाच्य अक्षरात लिहिलं : स्वातंत्र्यदिन, दिवाळी, पाणी.

सहलीचं पान नान्नजचं. तिथल्या अभयारण्यात माळढोक पक्षी बघायला गेलो होतो. तो दिसला नाही, काळविटं दिसली, पण फोटोत तीही माळावरच्या ठिपक्यांएवढी. मग त्याने माळढोक मनानेच काढला (मान उंटाची, पाय आत्याचे) आणि खाली टीप दिली, 'न दिसलेला पक्षी'. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचा फोटो मात्र झकास आलाय. अक्षता सोहळ्याच्या गर्दीत मिरवणुकीतल्या उंच काठ्या, म्हणजे सातही नंदीध्वज, दिसावेत म्हणून नवऱ्याने त्याला दोन तास खांद्यावर घेतलं होतं. तो फोटो 'क्रीडा विभागा'त लागला. विजेते : बाबा.

अभिप्रायांसाठी वही गल्लीत फिरली. शेजारच्या अक्कांनी तेलुगूत चार ओळी लिहिल्या, किराणावाल्या मामांनी कन्नडमध्ये. आम्हाला दोन्ही वाचता येत नाहीत, त्यामुळे कौतुकच असणार असं मी धरून चालले आहे. मराठीतला एकच अभिप्राय आहे, विद्यार्थ्याचा : 'आई गणित चांगलं शिकवते. भागाकारात चिडते.' हे पान मी दोनदा फाडायला घेतलं. पण पाठीमागे नंदीध्वज होते.

खरा छळ चिकटवण्याचा. बाहेर 42 अंश. पंखा लावला तर कात्रणं उडतात, बंद केला तर घाम शाईवर टपकतो. डिंक कागदाला लागायच्या आधीच बोटावर वाळतो. शेवटची बाटली संपली तेव्हा सासूबाई आल्या. "काय करायलीस गं मगापासून? खळ कर की मैद्याची!" त्यांचे वडील सोलापूरच्या जुन्या कापड मिलमध्ये होते. 1877 सालची ती मिल कधीच बंद पडली, पण सासूबाईंच्या बोलण्यात तिचा भोंगा अजून वाजतो. "सुताला चढते ती खळ, कागदाला चढायची नाही होय?"

चढली. इतकी चढली की पानं पुरीसारखी फुगली. मग ओल टिपायला मधे टॉवेल घातले आणि वरून पेटीतल्या सहा सोलापुरी चादरी दाबून ठेवल्या.

सकाळी नणंदबाई दारात. आल्या आल्या म्हणाल्या, "वहिनी, दाखवा बघू तुमची ती वही." टॉवेल ओढला तर त्याचे धागे पहिल्या पानावरच राहिले. वर्गाच्या फोटोत सासूबाईंना भरघोस दाढी आणि विद्यार्थ्याला मिश्या.

मी वही मिटायच्या आत चिरंजीवांनी पेन्सिल काढून खाली लिहिलंही : 'प्रकल्प : सोलापूरचा वस्त्रोद्योग. प्रत्यक्ष नमुना.'